प्रकाशाचा वेग विश्वात जागोजागी वेगळा असू शकतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीर्घिकांच्या आत, जिथे द्रव्य दाटलेलं आहे तिथे, प्रकाश हळू चालत असेल आणि दीर्घिकांमधल्या रिकाम्या पोकळ्यांत वेगाने. तसं असेल, तर रेडशिफ्ट (दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशाचं तांबड्याकडे सरकणं), कृष्णद्रव्य (दीर्घिकांच्या कडा इतक्या वेगाने का फिरतात हे समजावण्यासाठी धरलेलं न दिसणारं द्रव्य) आणि कृष्णऊर्जा (विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने का होतं याचं दिलं जाणारं कारण) या तिन्हींचा उलगडा एकदमच होईल का? विचारणाऱ्या वाचकांनी सोबत सूत्रही दिलं आहे: ज्या जागी घनता जास्त, त्या जागी वेग कमी, आणि तोही सरळ प्रमाणात. शिवाय एक तक्रार आहे: १९८३ साली शास्त्रज्ञांनी व्याख्येनेच वेग पक्का करून टाकला, मग तो बदलतो हे कुणाला सापडणार तरी कसं?

मी रेडिओ खगोलशास्त्रात काम करतो. असे प्रश्न आमच्याकडे सतत येतात आणि पुष्कळदा ते न वाचताच बाजूला पडतात. मला ते योग्य वाटत नाही, कारण प्रश्न मुळात चांगला आहे. आइन्स्टाइनने १९११ साली गुरुत्वाच्या क्षेत्रात प्रकाशाचा वेग बदलतो असं धरूनच ताऱ्याचा किरण सूर्याजवळ किती वळेल ते काढलं होतं. निसर्गाचे स्थिरांक काळाबरोबर बदलत असावेत, असं डिरॅकने १९३७ साली मांडलं. विश्वाच्या आरंभी प्रकाश खूप वेगवान होता, हा विचार जॉन मॉफट यांनी आणि पुढे १९९९ साली अँड्रियास आल्ब्रेक्ट व जुआंव मागेइजो यांनी रीतसर शोधनिबंधांत मांडला. तेव्हा ही शंका घेणारे तुम्ही एकटे नाही. पण ‘प्रकाशाचा वेग बदलतो’ एवढं म्हटल्याने अजून दावा तयार होत नाही. कशाच्या तुलनेत बदलतो हे सांगितलं की दावा होतो, आणि मग तो आकाशात तपासता येतो. तुमच्या कल्पनेचा बराचसा भाग असा तपासून झालेला आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

आधी १९८३ ची तक्रार. त्यापूर्वी मीटर ठरत असे क्रिप्टॉन-८६ वायूच्या एका नारिंगी वर्णरेषेवरून, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या एका ठरावीक तरंगलांबीवरून. १९७२ साली अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत लेसरची वारंवारता आणि तरंगलांबी वेगवेगळी मोजून प्रकाशाचा वेग काढला गेला, आणि तो इतका अचूक निघाला की उरलेली अनिश्चितता मुख्यतः त्या क्रिप्टॉन रेषेचीच होती. मोजायची पट्टीच मोजलेल्या गोष्टीपेक्षा ढोबळ ठरली. मग पट्टी बदलणं हाच शहाणपणा होता. सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात प्रकाश जेवढं अंतर कापतो तो मीटर, अशी व्याख्या झाली.

याने निसर्गाला बांधलं गेलं नाही, फक्त एकक बांधलं गेलं. समजा, बाकी सगळे स्थिरांक जागच्या जागी ठेवून प्रकाश उद्या एक टक्का मंदावला. आकडा व्याख्येमुळे तोच राहील. पण पॅरिसजवळ सेव्हरला जपून ठेवलेली प्लॅटिनम-इरिडियमची जुनी पट्टी लेसरने मोजली, तर ती एक मीटर आणि वर काही सेंटिमीटर भरेल. त्या पट्टीची लांबी अणूंच्या आकारावर ठरते आणि अणूचा आकार मुख्यतः विद्युत आकर्षणावर. प्रकाशाच्या वेगाचा त्यात जवळजवळ संबंध नाही. सेकंद मात्र सीझियमच्या अणूतल्या एका चुंबकीय संक्रमणावरून ठरतो, त्यात प्रकाशाचा वेग येतो, त्यामुळे घड्याळही बिघडेल आणि फरक आणखी वाढेल. थोडक्यात, बदल व्याख्येआड लपू शकत नाही. दोन वेगळ्या जातीची मापं एकमेकांपासून फारकत घेऊ लागतात आणि तिथे तो पकडला जातो.

वेग कमी होत चालला आहे, असा बोभाटा एकदा झालाही होता. १९३० च्या दशकात आलेले आकडे आधीच्या आकड्यांपेक्षा खाली सरकले. १९४१ साली रेमंड बर्ज यांनी सगळ्या मोजमापांचा मेळ घालून सेकंदाला २,९९,७७६ किलोमीटर हा आकडा दिला, चूक फार तर चार किलोमीटरची. युद्धानंतर लुई एसेन यांनी इंग्लंडमध्ये धातूच्या पोकळीत सूक्ष्मलहरी कोंडून मोजमाप केलं, तर उत्तर आलं २,९९,७९२.५. म्हणजे सोळा किलोमीटरचा फरक, सांगितलेल्या चुकीच्या चौपट. मंदावलेला प्रकाश पुन्हा वेगात आला नव्हता. वेगवेगळ्या प्रयोगांमध्ये छुप्या त्रुटी होत्या आणि आधीच्या आकड्याशी जुळलं की शोध थांबवण्याची माणसाची सवय होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे क्वेसारच्या (दूरच्या, अतिशय तेजस्वी स्रोतांच्या) बाबतीत असंच वळण येणार आहे.

आता ‘कशाच्या तुलनेत’ याचं उत्तर. किलोमीटर आणि सेकंद ही आपण ठरवलेली मापं, त्यामुळे त्यांत सांगितलेला बदल नेहमी संदिग्ध राहतो: वेग बदलला की पट्टी? म्हणून आम्ही एकक नसलेल्या संख्या बघतो. त्यातली सर्वांत उपयोगी म्हणजे सूक्ष्मरचना स्थिरांक, बोलताना ‘अल्फा’. इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा वर्ग, प्लांकचा स्थिरांक, निर्वाताची विद्युत पारगम्यता आणि प्रकाशाचा वेग यांतून तो बनतो, आणि सगळी एककं छाटली जाऊन उरतं सुमारे १३७.०३६ व्या भागाइतकं शुद्ध गुणोत्तर. पृथ्वीवर मोजा किंवा अँड्रोमेडा दीर्घिकेत, मीटर वापरा नाहीतर हात, संख्या तीच यायला हवी. प्रकाशाचा वेग छेदात आहे. बाकीचे जागच्या जागी असतील आणि वेग एक टक्का कमी असेल, तर अल्फा एक टक्का जास्त.

पुण्यातल्या जयंत नारळीकरांचं काम जवळून पाहिलेल्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हॉइल-नारळीकर सिद्धान्ताच्या एका मांडणीत विश्व प्रसरण पावत नाही, कणांची वस्तुमानं काळाबरोबर वाढत जातात, आणि तरीही रेडशिफ्ट मिळते. प्रसरण म्हणा किंवा बदलती वस्तुमानं म्हणा, बरीचशी निरीक्षणं दोन्ही भाषांत तीच राहतात. खरा फरक पडतो तो गुणोत्तरांत.

अल्फा दुसऱ्या दीर्घिकेत मोजायचा कसा? तिथल्या अणूंना विचारायचं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण घेतो. उदासीन हायड्रोजन १,४२०.४ मेगाहर्ट्झवर रेडिओलहर सोडतो, तीच ती २१ सेंटिमीटरची रेषा. ती इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या चुंबकत्वाच्या आपसांतल्या ओढाताणीतून येते. त्याच हायड्रोजनची तांबडी एच-अल्फा रेषा मात्र विद्युत आकर्षणातून येते. चुंबकीय बळ हे विद्युत बळाच्या तुलनेत प्रकाशवेगाच्या वर्गाने दुबळं असतं. म्हणून प्रकाशवेग एक टक्का कमी केला, तर एच-अल्फाची वारंवारता जवळपास तीच राहते आणि २१ सेंटिमीटरची रेषा दोन टक्क्यांनी वर सरकते. १,४२० मेगाहर्ट्झचे दोन टक्के म्हणजे २८ मेगाहर्ट्झ. डॉपलरच्या भाषेत, म्हणजे रेषेच्या सरकण्यावरून वेग काढून सांगायचं, तर एकाच ढगाचा वेग रेडिओ दुर्बिणीत आणि साध्या दुर्बिणीत सेकंदाला सहा हजार किलोमीटरने वेगळा निघेल.

प्रत्यक्षात काय आहे? अँड्रोमेडा दीर्घिकेचं परिवलन व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली प्रकाशीय वर्णपटांवरून दाखवलं. १९७५ साली मॉर्टन रॉबर्ट्स आणि रॉबर्ट व्हाइटहर्स्ट यांनी तेच २१ सेंटिमीटरच्या रेषेवरून आणखी बाहेरपर्यंत नेलं. फिरण्याचा वेग सेकंदाला साधारण २५० किलोमीटर, आणि दोन्हींचा मेळ बसतो. प्रकाशवेगात दहा हजारांत एक भाग फरक असता, तरी दोन्हींत सेकंदाला ६० किलोमीटरची तफावत आली असती आणि ती कुणाच्याही नजरेतून सुटली नसती. कृष्णद्रव्याची गरज संपवायची तर प्रकाशवेग दीर्घिकेच्या कडेला कितीतरी टक्क्यांनी बदलायला हवा, दहा हजारांत एका भागाने काही साधत नाही. त्यामुळे तुमच्या तीन उद्दिष्टांपैकी कृष्णद्रव्य इथेच निकालात निघतं, आणि हा निकाल नव्या महागड्या यंत्रांनी दिलेला नाही, पन्नास वर्षं जुन्या निरीक्षणांनी दिला आहे.

रेडशिफ्टचं उत्तर तर याहून सोपं आहे. प्रकाश हळू चालणाऱ्या भागातून वेगवान भागात गेला की त्याची तरंगलांबी बदलते, वारंवारता नाही. काचेत शिरणाऱ्या किरणाचं तेच होतं. स्रोतातून सेकंदाला जेवढे तरंगशीर्ष निघाले, तेवढेच सेकंदाला आपल्यापर्यंत पोचले पाहिजेत; मधल्या रस्त्यावर ते साठून राहायला जागा नाही. रस्त्याची मांडणी काळाबरोबर बदलत नसेल, तर निव्वळ जागोजागच्या वेगफरकाने वारंवारता हलत नाही. आणि आम्ही रेडिओवाले मोजतो ती वारंवारताच. दूरच्या दीर्घिकेची २१ सेंटिमीटरची रेषा ९०० मेगाहर्ट्झवर सापडते तेव्हा ती खरोखर कमी वारंवारतेची होऊन आलेली असते.

इथे एका गैरसमजाबद्दल थांबायला हवं. बरेच जण विचारतात, दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा वेग थेट का मोजत नाही? मोजतो की. जेम्स ब्रॅडली यांनी १७२८ साली दाखवलं की पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे तारे वर्षभरात सुमारे साडेवीस विकलांनी इकडेतिकडे सरकलेले दिसतात, आणि हे सरकणं पृथ्वीचा वेग भागिले प्रकाशाचा वेग इतकं असतं. जवळचा तारा असो की अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचा क्वेसार, सरकणं तेच. पण याने तुमच्या कल्पनेला धक्का लागत नाही, कारण प्रकाश दुर्बिणीत शिरताना इथल्या वेगाने शिरतो, तो तिथे कितीने चालत होता याची आठवण सोबत आणत नाही. काही उत्साही लेखांत ब्रॅडलीचा पुरावा निर्णायक म्हणून दिलेला असतो. तो तसा नाही. तिथला वेग कळायचा तर साक्ष तिथल्याच अणूंची हवी.

आता या विषयातली सर्वांत गंभीर झटापट सांगतो, कारण ‘अवकाशात बदल’ हा दावा खऱ्याखुऱ्या आकड्यांसह तिथे केला गेला होता.

कल्पना अशी. क्वेसार हे दूरचे, अतिशय तेजस्वी दिवे. त्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत कुठल्यातरी दीर्घिकेच्या वायूतून जातो आणि त्या वायूतली मॅग्नेशियम, लोह अशी मूलद्रव्यं आपापल्या रेषा त्यात कोरून ठेवतात. मॅग्नेशियमची एक प्रसिद्ध जोडी आहे, २,७९६.३५ आणि २,८०३.५३ अँग्स्ट्रॉम (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). दोन रेषांतलं अंतर भागिले तरंगलांबी हे गुणोत्तर अल्फाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. रेडशिफ्टने दोन्ही रेषा सारख्याच पटीने ताणल्या जातात, गुणोत्तर तसंच राहतं. रेडशिफ्ट १ असलेल्या, म्हणजे तरंगलांबी दुप्पट होऊन पोचणाऱ्या ढगात ही जोडी ५,६०० अँग्स्ट्रॉमच्या आसपास १४.३५ अँग्स्ट्रॉमच्या अंतराने दिसायला हवी. तिथे प्रकाश एक टक्का मंद असता तर अंतर १४.६५ च्या जवळ गेलं असतं. हे ०.३ अँग्स्ट्रॉम चांगला विद्यार्थी साध्या वर्णपटावरूनही काढून दाखवील. त्यामुळे टक्क्याची भाषा फार पूर्वीच संपली. रेडिओ दीर्घिकांतल्या ऑक्सिजनच्या जोडरेषांवरून जॉन बाकॉल आणि मार्टिन श्मिट यांनी १९६७ सालीच मर्यादा हजारात एक-दोन भागांपर्यंत आणली होती.

१९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन वेब यांच्या गटाने याहून तिखट पद्धत काढली. एकाच मूलद्रव्याची जोडी न घेता वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा एकत्र पाहायच्या. मॅग्नेशियमच्या रेषा अल्फा बदलला तरी फारशा हलत नाहीत, लोहाच्या हलतात. मॅग्नेशियम खुंट्यासारखं धरायचं आणि लोह किती सरकलं ते मोजायचं. हवाईतल्या केक दुर्बिणीच्या वर्णपटांवरून त्यांनी सांगितलं की अब्जावधी वर्षांपूर्वी अल्फा आजच्यापेक्षा दहा लाखांत सुमारे सहा भागांनी कमी होता. सांख्यिकी चुकीच्या पाचपट. साऱ्या जगात खळबळ उडाली.

२००४ साली दुसरा गट पुढे आला: पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद, त्यांच्यासोबत हुम चंद, पॅरिसचे पॅट्रिक पेतिजां आणि बास्तियां आरासिल. दुर्बीण चिलीतली व्हीएलटी, ढग २३, सगळे नीट पारखून घेतलेले. निष्कर्ष: बदल शून्य, चूक दहा लाखांत अर्ध्याहून थोडी जास्त. वेब यांच्या बाजूने मायकेल मर्फी यांनी या विश्लेषणात चुका दाखवल्या, अनिश्चितता फार कमी धरली आहे असं म्हटलं, आणि उत्तर-प्रत्युत्तरं झाली. विद्यार्थ्यांना मी तो वाद मूळ शोधनिबंधांतून वाचायला सांगतो, कारण त्यात कुणी कुणाला हिणवलेलं नाही. वक्रावरचा एकेक बिंदू उचलून भांडण झालेलं आहे.

आणि मग २०१० साली वेब, ज्युलियन किंग आणि सहकारी नवीन गोष्ट घेऊन आले. व्हीएलटीच्या सुमारे दीडशे ढगांत अल्फा उलट जास्त दिसत होता. केक उत्तर गोलार्धात, व्हीएलटी दक्षिणेत. दोन्ही मिळून आकाशाच्या एका बाजूला अल्फा मोठा आणि विरुद्ध बाजूला लहान असं चित्र उभं राहिलं. अक्षाचं टोक दक्षिण आकाशात. खात्री चार सिग्माच्या वर, म्हणजे परिणाम सांख्यिकी चुकीच्या चौपटीहून मोठा. म्हणजे तुमचीच कल्पना, अवकाशात जागोजागी बदलणारा स्थिरांक, फक्त तिचा आकार टक्क्यात नव्हे तर लाखात एका भागाइतका.

आता थोडं जवळून पाहू. अल्फात लाखात एक भाग बदल झाला, तर लोहाची रेषा मॅग्नेशियमच्या मानाने सरकते, डॉपलरच्या भाषेत, सेकंदाला अंदाजे २०० मीटर इतकी. वर्णपटलेखकाच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल त्याहून कितीतरी मोठा, एक-दोन किलोमीटर प्रतिसेकंदाचा. म्हणजे पिक्सेलच्या दहाव्या भागाएवढ्या सरकण्यावर विश्वाचा नियम ठरवायचा. त्यासाठी तरंगलांबीची मोजपट्टी निर्दोष हवी. ती मोजपट्टी बनते थोरियम-आर्गॉनच्या दिव्याने. दिव्याचा प्रकाश यंत्रातच सोडतात, क्वेसारचा प्रकाश येतो अख्ख्या दुर्बिणीतून, आणि दोघांचे मार्ग तंतोतंत सारखे नसतात.

मर्फी आणि जॉनथन व्हिटमोर यांनी ही मोजपट्टी दुसऱ्या बाजूने तपासली. लघुग्रहांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आणि सूर्यासारखे तारे या दुर्बिणींतून पाहिले आणि त्यांची तुलना प्रयोगशाळेच्या दर्जाच्या सौर वर्णपटाशी केली. सूर्याच्या रेषा कुठे आहेत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. निघालं असं की केक आणि व्हीएलटी, दोन्हींच्या मोजपट्ट्या लांबवर वाकड्या होत्या: दर हजार अँग्स्ट्रॉममागे सेकंदाला २०० मीटरपर्यंत. ज्या आकाराचा परिणाम शोधायचा, नेमकी त्याच आकाराची विकृती. २०१५ साली त्यांनी दाखवलं की व्हीएलटीचे आधीचे निकाल यातून पुरेसे आणि केकचे काही अंशी समजावता येतात. दावा करणाऱ्या गटातलाच माणूस आपल्या यंत्राची पट्टी अशी तपासतो, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

त्यानंतर व्हीएलटीवर एस्प्रेसो हे नवं यंत्र बसलं. ते निर्वात टाकीत, स्थिर तापमानाला ठेवलेलं आहे आणि त्याची पट्टी लेसरच्या समान अंतरावरच्या रेषांनी आखतात. २०२२ साली दक्षिण आकाशातल्या एका तेजस्वी क्वेसारच्या वाटेवरचा, आठ अब्ज वर्षांहून जुना ढग त्याने मोजला. अल्फातला फरक दहा लाखांत १.३, चूकही तेवढीच. म्हणजे शून्याशी सुसंगत.

रेडिओतही एक सुरेख कसोटी आहे आणि तिच्यामागे पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राशी जोडलेले जयराम चेंगलूर आणि निस्सीम काणेकर आहेत. क्वेसारच्या कसोटीत नेहमी एक शंका उरते: मॅग्नेशियम आणि लोह एकाच ढगात आहेत कशावरून? दोन ढग किंचित वेगळ्या गतीने चालले असतील तरी रेषा सरकलेल्या दिसतील. हायड्रॉक्सिल रेणूच्या १,६१२ आणि १,७२० मेगाहर्ट्झच्या दोन रेषा काही ठिकाणी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. एक जिथे उजळते, बरोबर तिथेच दुसरी तेवढीच काळवंडते, आणि दोन्हींची बेरीज सपाट येते. हे त्याच वायूत, त्याच रेणूंमुळे घडतं, दुसऱ्या ढगाला वाव नाही. रेडशिफ्ट ०.२४७ वर असा एक स्रोत सापडला आणि २००४ साली त्याची जुळी रेषा प्रसिद्ध झाली. पुढे आरेसिबोच्या दुर्बिणीने तो दीर्घकाळ पाहिला. जवळपास तीन अब्ज वर्षांच्या अंतरावर बेरीज अजून सपाटच आहे. बदलाला उरलेली जागा दहा लाखांत काही भागांची.

प्रकाश वाटेत मंदावतो हे मात्र आम्ही रोज पाहतो, आणि याचा गोंधळ तुमच्या कल्पनेशी होऊ नये म्हणून सांगतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर कर्क अभ्रिकेतला स्पंदक तारा पाहिला, तर त्याचा एकच ठोका १,४०० मेगाहर्ट्झवर आधी येतो आणि ४०० मेगाहर्ट्झवर साधारण सव्वा-दीड सेकंदाने मागून. दोन्ही लहरी एकाच क्षणी निघालेल्या. वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत, ते कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त अडवतात. उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, इतका चोख की संगणकात तो वजा करूनच आम्ही पुढचं काम करतो. तुम्ही म्हणता तो वेगफरक सगळ्या वारंवारतांना सारखाच लागेल, त्यामुळे तो अशा शर्यतीत दिसणार नाही. १० मे २००९ च्या गॅमा स्फोटातला ३१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रकाशकण सात अब्ज वर्षं प्रवास करून बाकीच्यांच्या सोबत सेकंदभरात पोचला, ही गोष्टही वेग ऊर्जेवर अवलंबून नाही एवढंच सांगते. १७ ऑगस्ट २०१७ ची नोंद जास्त कामाची आहे: दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण १३ कोटी वर्षं चालून १.७ सेकंदांच्या अंतराने आले. घनतेमुळे फक्त प्रकाश अडखळतो असं तुमचं म्हणणं असेल, तर ते इथे संपतं. गुरुत्वलहरीही तशाच अडखळतात म्हणाल, तर मग तुम्ही प्रकाशाबद्दल बोलत नसून अवकाशकाळाच्या घडणीबद्दल बोलता आहात.

आणि ती घडण आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात आहेच. जड वस्तूजवळून जाणाऱ्या लहरीला दूरच्या घड्याळाने मोजलं तर उशीर लागतो. अर्विन शापिरो यांनी १९६४ साली हे सुचवलं, शुक्र आणि बुधावरून परतणाऱ्या रडार लहरींत ते दिसलं, सूर्याच्या कडेवरून जाताना जास्तीत जास्त दोनशे मायक्रोसेकंदांच्या घरात. कॅसिनी यानाने २००२ साली घेतलेली मोजणी सिद्धान्ताशी लाखात दोन-तीन भागांपर्यंत जुळते. पण त्या जागी उभं राहून आपल्याच पट्टीने आणि घड्याळाने मोजलं, तर वेग तोच. १९११ च्या हिशेबात आइन्स्टाइनने फक्त वेगाचा बदल धरला तेव्हा किरणाचं वळणं निम्मंच आलं होतं. १९१५ साली अवकाशाची वक्रता धरल्यावर १.७५ विकला आले, आणि १९१९ च्या ग्रहणात तेच दिसलं. निव्वळ वेग बदलून भागत नाही, हे त्या निम्म्या उत्तराने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. मोठ्या पोकळ्या आणि दीर्घिकांचे समूह यांमुळे असा जो उशीर किंवा लवकरपणा येतो, तो लाखात एका भागाच्या पातळीचा आहे. कृष्णऊर्जेला पर्याय म्हणून हवा तो कित्येक टक्क्यांचा.

मॉफट, आल्ब्रेक्ट आणि मागेइजो यांच्या कल्पना या सगळ्यातून सुटतात, कारण त्यांचा मोठा बदल विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांत होऊन संपलेला आहे. त्यानंतरच्या दीर्घिका आणि क्वेसार त्याबद्दल काही सांगू शकत नाहीत. तुमचा बदल आज, इथे, शेजारच्या दीर्घिकांत चालू असल्याचा दावा आहे. म्हणून तो तपासायला सोपा आहे.

शेवटी तुमचं सूत्र, वेगातली घट ही घनता गुणिले एक स्थिरांक. तो स्थिरांक काढून पाहू. दीर्घिकेच्या चकतीत घन सेंटिमीटरला साधारण एक अणू असतो. तेवढ्याने प्रकाश पोकळीच्या मानाने एक टक्का मंदावतो असं धरू, कारण त्याहून कमी धरलं तर तुम्हाला हवं ते काहीच साधत नाही. आता प्रयोगशाळेत या. अणुघड्याळं ज्या उत्तम निर्वात पेट्यांत चालतात, त्यांतही घन सेंटिमीटरला वीसेक लाख रेणू उरलेले असतात. ती पेटी आकाशगंगेतल्या ‘वायू’पेक्षा लाखो पटींनी दाट आहे. एका अणूमागे एक टक्का, तर तिथे प्रकाशाचा वेग शून्याखाली जायला हवा. बरं, वेगवेगळ्या देशांतल्या पेट्यांचा दाब काही एकसारखा नसतो, तरीही चांगली अणुघड्याळं सतराव्या-अठराव्या दशांश स्थळापर्यंत एकमेकांशी जुळतात. सरळ प्रमाणाचा नियम म्हणून टिकू शकत नाही, आणि हे कळायला दुर्बिणीचीही गरज नव्हती.

तुम्ही म्हणाल, घनता पेटीतली नको, हजारो प्रकाशवर्षांवरची सरासरी धरा. किंवा एका मर्यादेनंतर परिणाम थांबतो असं समजा. दोन्ही चालेल. पण मग ती सरासरी किती अंतरावरची आणि मर्यादा कुठली, हे सूत्रात लिहायला हवं. ते लिहिलंत की त्यातून अँड्रोमेडाच्या चकतीसाठी आणि तिच्या कडेसाठी अल्फाचे दोन आकडे काढा, आणि २१ सेंटिमीटरची रेषा व एच-अल्फा यांच्यात सेकंदाला किती किलोमीटरची तफावत येते ते सांगा. व्हीएलटी आणि जीएमआरटी, दोन्हींची जुनी निरीक्षणं अर्काइव्हमध्ये सर्वांना खुली आहेत. तुमची तफावत सेकंदाला पाच किलोमीटरच्या वर असेल, तर नव्या निरीक्षणाची वाट पाहायला नको, उपलब्ध नकाशांवरच ती पडताळता येईल. त्याहून कमी असेल तर ढग कुठला निवडायचा यात मी मदत करेन, कारण तिथे वायूच्या स्वतःच्या हालचालीच तेवढ्या असतात आणि हायड्रॉक्सिलसारखी जुळी रेषा शोधावी लागेल.